जमीन घेण्यापूर्वीं सातबारा कसा पाहावा

गिरगांव, परळ, लालबाग, दादर या भागांतील आमचे पुष्कळ सभासद मूळचे कोंकणांतले किंवा घाटावरचे. जन्मभर गिरणींत अगर कचेरींत राबावें आणि हातीं चार पैसे आले म्हणजे गांवाकडे दहा-वीस गुंठे घेऊन कलमें लावावींत, ही त्यांची मोठी हौस. हौस चांगलीच आहे. परंतु ज्या व्यवहारांत जन्माची पुंजी एका सहीनें जाते, त्यांत सहीपूर्वीं केलेली चौकशी हीच त्या पुंजीची राखण होय. आम्हीं महसुली कारकुनींत अनेक वर्षें घालविलीं आहेत, म्हणून ही चौकशी कशी करावी तें येथें क्रमानें सांगतों.

गेल्या उन्हाळ्यांत लालबागेंतील एक गृहस्थ रत्नागिरी जिल्ह्यांतील एका जमिनीचा कागद घेऊन आमच्याकडे आले. मध्यस्थानें दिलेल्या त्या सातबाऱ्यावर विकणाराचें एकट्याचेंच नांव होतें, आणि विसार दुसऱ्या दिवशीं द्यावयाचा होता. तोच नंबर आम्हीं त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर काढून पाहिला. त्यावर विकणारासह त्याच्या दोन बहिणी व एक विधवा भावजय अशीं चार नांवें सामाईकांत निघालीं! कागद खोटा नव्हता. वारसांची नोंद होण्यापूर्वींचा, म्हणजे जुना होता. विसार थांबला.

यावरून पहिला नियम असा कीं, दुसऱ्यानें आणून दिलेल्या कागदावर विसंबूं नये. उतारा आपण स्वतः काढावा. सरकारच्या महाभूलेख या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गांव व गट नंबर निवडला म्हणजे सातबारा फुकट पाहावयास मिळतो. मात्र तो केवळ माहितीपुरता. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपये भरून मिळतो. त्यावर पडताळणी क्रमांक असतो. तो तेथेंच घालून पाहिला असतां मूळ उतारा समोर येतो व कागदाची खातरी पटते.

दुसरें, उतारा वाचावा कसा? प्रथम भूधारणा पद्धति पाहावी. भोगवटादार वर्ग १ असल्यास जमीन सामान्यतः बिनशर्त समजावी. वर्ग २ असल्यास बहुधा सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून ती विकतां येत नाहीं. नंतर प्रत्येक नांवापुढील क्षेत्र पाहावें. कंसांत घातलेलें नांव कमी झालेलें असतें. सामाईक क्षेत्रांत एकाच हिस्सेदाराची सही घेणारा मनुष्य जमीन घेत नाहीं, कज्जा घेतो. शेवटीं ‘इतर हक्क’ हा रकाना अवश्य वाचावा. कुळाचें नांव, सोसायटीचा अगर बँकेचा बोजा, कुळकायद्याच्या कलम ४३ चें बंधन, हीं सर्व तेथें लिहिलेलीं असतात, आणि घाईंत असलेला घेणार नेमका तोच रकाना सोडतो.

तिसरें, फेरफार. नांवाजवळचा आंकडा फेरफाराचा असतो. ते सर्व फेरफार काढून तीस वर्षांची साखळी जुळते कीं नाहीं तें पाहावें. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १५० अन्वयें नवी नोंद चावडीवर लावून संबंधितांस नोटीस देतात व हरकतीस मुदत ठेवतात. ही नोटीस आतां ‘आपली चावडी’ या सदरांत घरबसल्या दिसते. उताऱ्यावर प्रलंबित फेरफार दिसल्यास तो कशाचा आहे हें कळेपर्यंत पैसा देऊं नये.

चौथें, दस्त नोंदला जाऊन फेरफार व्हावयाचा असेल, तर सातबारा त्याविषयीं मुका असतो. म्हणून नोंदणी खात्याच्या ई-सर्चवर सूची क्रमांक दोन पाहावी. जुन्या सालचे दस्त तेथें न सांपडल्यास दुय्यम निबंधकाच्या कचेरींत शोध घ्यावा.

मुंबई बेटावर मात्र हा सातबारा शोधूं नये. गिरगांवांत किंवा परळास जागा घ्यावयाची तर कॅडस्ट्रल सर्व्हे नंबर व मिळकतपत्रिका मागावी.

इतकें करूनही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. संहितेच्या कलम १५७ प्रमाणें हक्कनोंद ही उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावयाची असते. ती मालकी निर्माण करीत नाहीं. न्यायालयांनींही हें वारंवार सांगितलें आहे. तोंडी वांटणी, मृत्युपत्र, प्रत्यक्ष कब्जा, जाण्यायेण्याची वाट, हीं पडद्यावर दिसतीलच असें नाहीं. म्हणून गांवीं जावें, तलाठी, ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांस भेटावें, शेजारच्या बांधकऱ्यांस विचारावें, मोजणी करवावी, आणि वकिलामार्फत वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्यावी.

आतां घेणाऱ्यानें स्वतःकडेही पाहावें. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ अन्वयें बिगर-शेतकऱ्यास परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं. आमच्या कित्येक सभासदांचें वडिलोपार्जित शेत गांवीं आहे, पण वडील वारल्यावर वारसनोंदच केलेली नसते. मग शेतकरी असल्याचा दाखला आणावा कोठून? तेव्हां दुसऱ्याचा उतारा तपासण्यापूर्वीं आपल्या घरचा उतारा काढून पाहावा.

आमच्या त्या स्नेह्यांनीं घाई केली नाहीं. बहिणी व भावजय यांस भेटून, चौघांच्याही सह्यांनिशीं त्यांनीं खरेदीखत केलें, आणि यंदा मृगांत त्या जमिनींत कलमें लागलीं. विसार थांबल्या दिवशीं मध्यस्थ रागावला होता खरा. पण मध्यस्थाचा राग चार दिवसांचा, आणि कोर्टाची पायरी दोन पिढ्यांची असते.