लोणारचा नवा जिवाणू कसा ओळखला?

हळदीच्या डागाला साबण लावला की डाग लाल होतो, पाहिलंय ना? साबण अल्कधर्मी असतो म्हणून. आपल्या विदर्भातल्या लोणार सरोवराचं पाणीही तसंच, सामू सुमारे 10. तरी त्यात जिवाणू सुखानं नांदतात.

हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी तिथून एक जिवाणू वेगळा केला. पण तो नवा आहे हे कसं ठरवायचं? नुसतं सूक्ष्मदर्शकातून बघून भागत नाही, कारण कितीतरी जिवाणू दांडीसारखेच दिसतात. म्हणून त्याच्या 16एस आरआरएनए जनुकाचा क्रम वाचून ज्ञात प्रजातींशी ताडतात. साम्य साधारण 98.7 टक्क्यांपेक्षा कमी भरलं, तर प्रजाती बहुधा नवी. जास्त भरलं म्हणजे जुनीच, असं मात्र लिहू नका (इथेच बरेच जण चुकतात!). तेव्हा संपूर्ण डीएनए ताडावा लागतो.

शिवाय जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. उद्या गोडं पाणी वाढून लोणारचा सामू उतरला, तरी हा जिवाणू तिथे तपासायला मिळेल.

2012 मध्ये त्याचं नाव प्रसिद्ध झालं: सेसेम्बिया लोणारेन्सिस. पहिला शब्द सीसीएमबीवरून, दुसरा आपल्या लोणारवरून.