ताट त्यांचं, पाळ्या आमच्या

‘‘माझं पोट, माझे पैसे. तुमचं काय जातं?’’ हे आमच्या थोरल्या भाऊजींचं ठरलेलं उत्तर. साखर निघाली होती, बीपी होतं. तरी सकाळी मिसळ, चारला फरसाण, रात्री पापड-लोणचं. माणूस दिलदार, दुसऱ्यालाही आग्रहाने वाढणारा. त्यामुळे कुणाला फार बोलवत नसे.

पुढे मूत्रपिंडं निकामी झाली आणि आमचं काय जातं ते कळलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास, जाणं-येणं वेगळंच. पुतण्याने रात्रपाळी मागून घेतली, जाऊबाईंचं शिवणकाम सुटलं. स्वयंपाकघराची तऱ्हा तर विचारू नका. पोटॅशियम कमी व्हावं म्हणून भाजी चिरून उकळायची आणि पाणी फेकून द्यायचं. नारळपाणी बंद, केळं बंद. दिवसभराचं पाणी सकाळीच बाटलीत मोजून ठेवायचं. चहा आणि गोळीबरोबरचा घोटही त्यातलाच. पथ्य म्हटलं की नाक मुरडणाऱ्या माणसाला तहानेचंही पथ्य लागलं. खर्चाचा मोठा भाग सरकारी योजनेतून झाला, म्हणजे थोडा तुमच्याही खिशातून.

तरी ताटावर पहारा बसवावा असं मी म्हणणार नाही. डेन्मार्कने 2011 मध्ये लोणी-चीजमधल्या चरबीवर कर लावला. लोक सीमा ओलांडून खरेदी करू लागले आणि 2013 लागताच कर गेला. घरात बंद केलेलं फरसाण भाऊजीही टपरीवर खातच होते. मुलांचं मात्र वेगळं. त्यांची जीभ अजून घडायची असते. जादा तेल-मीठ-साखरेचे पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकायचे नाहीत, असा एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. पालकसभेत सहलीच्या वर्गणीबरोबर त्याचीही चौकशी करा.

घरात कुणाला साखर असेल तर वडापाववरून भांडू नका, तपासणीवरून भांडा. वर्षातून एकदा तरी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन बघायलाच हवं. मूत्रपिंड बिघडायला लागलं तरी दुखत नाही. आमच्याकडे पायांवर सूज दिसली तोवर बरंच हातचं गेलं होतं. पथ्याचा स्वयंपाक वेगळा करू नका, सगळ्यांनीच मीठ कमी खा. एकट्याच्या पानात अळणी वाढलं की तो माणूस बाहेर खाणारच.

आणि सगळे धडधाकट असतानाच एका कागदावर लिहून काढा: उद्या वेळ आली तर दवाखान्यात कोण नेणार, रजा कुणाची, कुणाचं काम सुटणार. ‘तुमचं काय जातं’ म्हणणाऱ्याला तो कागद वाचायला द्या. वर भाषण नको.