वावर विकून मास्तर होऊ नकोस

चि. बाळ यास,


काल तुझ्या आईचा फोन आला. घराजवळच्या एका शाळेत जागा आहे, डोनेशन द्यावं लागेल आणि त्यासाठी दोन एकर वावर विकायचं चाललंय, असं ती म्हणाली. रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून लिहितो आहे.

घराजवळची नोकरी कुणाला नको? आपल्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीन-तुरीपलीकडे हाताला फारसं काम नाही, म्हणून तर मास्तरकीच्या जागेला एवढा भाव येतो. मीही तो मोजला होता. माझी शाळा कायम विनाअनुदानित होती. २००९ साली सरकारनं 'कायम' शब्द काढला तेव्हा आम्ही पेढे वाटले. पण अनुदान आलं ते कैक वर्षांनी आणि तेही २० टक्क्यांपासून, टप्प्याटप्प्यानं. तोवर दिवसा फळ्यापुढे उभा राहायचो आणि सुट्टीत दुसऱ्याच्या वावरात सोंगणीला जायचो. विकलेलं वावर परत आलं नाही.

आता तर अल्पसंख्याक संस्था सोडल्या, तर अनुदानित शाळांतल्या जागाही शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरूनच भरायच्या असतात. शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता नाही, तर शालार्थ आयडी नाही. आणि शालार्थ आयडी नाही, तर पगार नाही. संस्थाचालकाच्या शब्दावर बँक पैसे देत नाही.

तू टीईटी पास आहेस. आता या भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी दे. तीत २०० प्रश्न आणि वेळ दोन तास. म्हणून रोज घड्याळ लावून सराव कर. गणित-बुद्धिमत्तेत वेळ वाचव. पोर्टलवर पसंतीक्रम भरताना वाशीम, अकोल्यावर अडून राहू नकोस. पालघर, गडचिरोलीही भर. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षणसेवकाला पहिली तीन वर्षं महिना १६,००० रुपये मिळतात. २०२३ पूर्वी ते ६,००० होते. परगावी खोली भाड्यानं घेऊन एवढ्यात भागवणं अवघड आहे, हे मी लपवत नाही. पण तीन वर्षांनी २९,२०० मूळ वेतनावर येशील, कुणाच्या उपकाराविना.

दाजींना सांग, इसारपावतीवर सही करू नका. तीन वर्षं तुझ्या खोलीचं भाडं मी देईन. त्या दोन एकरांत यंदाही सोयाबीन पेरा.

तुझा,
मामा