काळ्या वाळूचा किनारा

केरळच्या कोल्लम जिल्ह्यात नींडकरा, चवरा, करुनागपल्ली हा समुद्रकाठचा दाट वस्तीचा प्रदेश आहे. मासेमारी, नारळ आणि काथ्या यांवर येथील अनेक कुटुंबांची उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. येथील वाळू काळसर व जड असते. तिच्यात मोनाझाइट हे खनिज असून त्यात थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य आहे. डोंगरांतील खडक झिजून सुटलेले हे कण नद्यांनी समुद्रात आणले आणि लाटांनी ते किनाऱ्यावर साचवले.

नैसर्गिक किरणोत्सर्ग सर्वत्र असतो. जमीन, हवा, अन्न आणि अवकाश यांतून माणसाला वर्षाकाठी सरासरी सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट एवढी मात्रा मिळते. चवऱ्याच्या परिसरात काही ठिकाणी ती याच्या कित्येक पट आहे. मग तेथील माणसांच्या शरीरात काय घडते?

किरण पेशीत शिरले की तेथील पाण्याच्या रेणूंपासून अतिशय क्रियाशील कण निर्माण होतात. हे कण, आणि कधी प्रत्यक्ष किरणही, डीएनएचा धागा तोडतात. डीएनएला दोन धागे असतात. एक तुटला, तर दुसऱ्याच्या आधारे पेशी तो बहुधा बिनचूक सांधते. दोन्ही जवळजवळ एकाच जागी तुटले, तर मात्र दुरुस्ती चुकण्याचा संभव वाढतो. अशी पेशी कधी मरते. कधी चूक तशीच राहते. या चुकीला उत्परिवर्तन म्हणतात. एकाच वेळी मिळालेली मोठी मात्रा पेशीला दुरुस्तीस उसंत देत नाही; वर्षभर थोडीथोडी मिळणारी मात्रा ती देते.

शास्त्रज्ञांनी या प्रदेशाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने सुमारे ७० हजार प्रौढांची २००५ पर्यंतची माहिती तपासली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अधिक मात्रा मिळालेल्यांत कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. नवजात बालकांच्या नाळेतील रक्तपेशी तपासल्या असता गुणसूत्रांतील दोषांतही लक्षणीय वाढ दिसली नाही.

परंतु २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने वेगळी बाजू पुढे आणली. पेशीतील तंतुकणिकांना स्वतःचा डीएनए असतो आणि तो आईकडून अपत्याला मिळतो. अधिक किरणोत्सर्गाच्या भागातील कुटुंबांत या डीएनएमधील उत्परिवर्तने शेजारच्या भागापेक्षा अधिक आढळली.

ही दोन निरीक्षणे परस्परविरोधी नाहीत. पेशीत बदल होणे ही एक गोष्ट आणि त्यातून रोग उद्भवणे ही दुसरी. प्रत्येक उत्परिवर्तन रोगाला कारण होत नाही. त्याचप्रमाणे ‘वाढ आढळली नाही’ या विधानाचा अर्थ ‘परिणाम होतच नाही’ असा होत नाही; फार लहान परिणाम मोठ्या पाहणीतही निसटू शकतो. म्हणून किनाऱ्यावरील रहिवाशांना भीती घालणे जसे अयोग्य, तसेच पुढील तपासणी अनावश्यक मानणेही अयोग्य होय. आपल्या भूमीविषयीची पूर्ण माहिती मिळणे हा त्यांचा हक्क आहे.

स्वाध्याय
१. डीएनएचे दोन्ही धागे तुटल्यास दुरुस्ती कठीण का होते?
२. ‘वाढ आढळली नाही’ आणि ‘परिणाम होत नाही’ यांतील फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.