ऐंशी वर्षांची रंगसेवा

२८ नोव्हेंबर १९४१ चा दिवस. पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथील राष्ट्रीय नाट्यगृहात एका नव्या नाटकात अवघ्या तेरा वर्षांची एक मुलगी रंगमंचावर आली. तिचे नाव एउनीस मुन्योझ.

एउनीसचा जन्म ३० जुलै १९२८ रोजी दक्षिण पोर्तुगालमधील अमारेलेजा या खेड्यात झाला. तिचे घराणे फिरत्या कलावंतांचे होते. त्यामुळे अभिनयाचे बाळकडू तिला घरातच मिळाले. लिस्बनच्या राष्ट्रीय नाट्यगृहात त्या वेळी अमेलिया रेय कोलासो या थोर अभिनेत्रीची नाटकमंडळी प्रयोग करीत असे. त्या मंडळीत एउनीसला प्रवेश मिळाला. परंतु उपजत गुणांवर ती विसंबून राहिली नाही. तिने नाट्यविद्यालयात अभिनयाचे रीतसर शिक्षण घेतले.

१९४६ साली ती 'कामोंइश' या चित्रपटात झळकली. कामोंइश हा सोळाव्या शतकातील पोर्तुगालचा महाकवी. त्याने काही काळ गोव्यातही वास्तव्य केले होते. या चित्रपटातील भूमिकेबद्दल एउनीसला उत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. तेव्हा ती वीस वर्षांचीही नव्हती.

कीर्ती अशी पायाशी चालून आली असताना एउनीसबाईंनी रंगभूमीचा निरोप घेतला. चार वर्षे त्या रंगमंचापासून दूर राहिल्या. प्रेक्षकांना विसर पडण्यास एवढा काळ पुरेसा असतो. परंतु १९५५ साली 'जोन ऑफ आर्क'च्या भूमिकेत त्या परतल्या, तेव्हा तिकिटांसाठी लिस्बनच्या राजरस्त्यावर लोकांची रीघ लागली!

तो काळ कलावंतांना कठीण होता. देशात हुकूमशाही होती आणि सरकारी तपासनिसांच्या संमतीवाचून कोणतेही नाटक रंगमंचावर येत नसे. जर्मन नाटककार ब्रेख्ट याच्या नाटकांना तर बंदीच होती. त्यातच १९६४ साली राष्ट्रीय नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. १९७४ साली हुकूमशाही कोसळली. १९७८ साली नाट्यगृहही पुन्हा उभे राहिले. तेथेच १९८६ साली एउनीसबाईंनी ब्रेख्टच्या नाटकातील 'धैर्यशील आई' साकारली. युद्धाच्या जोरावर पोट भरू पाहणारी आणि त्याच युद्धात आपली तिन्ही मुले गमावणारी ही आई त्यांच्या श्रेष्ठ भूमिकांपैकी एक मानली जाते.

२८ नोव्हेंबर २०२१ रोजी, पदार्पणाला बरोबर ऐंशी वर्षे झाली त्या दिवशी, त्र्याण्णव वर्षांच्या एउनीसबाईंनी त्याच नाट्यगृहात प्रेक्षकांचा अखेरचा निरोप घेतला. त्या वेळी रंगमंचावर त्यांच्या शेजारी त्यांची अभिनेत्री नात होती. १५ एप्रिल २०२२ रोजी एउनीसबाई निवर्तल्या. ज्या वास्तूत त्या वडीलधाऱ्यांचे बोट धरून आल्या, तेथूनच नातीच्या हाती वारसा सोपवून त्या गेल्या.

अभ्यास

१. एउनीसला अभिनयाचे बाळकडू घरातच मिळाले, असे का म्हटले आहे?
२. १९५५ सालच्या पुनरागमनाचे महत्त्व तुमच्या शब्दांत सांगा.
३. हुकूमशाहीच्या काळात कलावंतांना कोणत्या अडचणी आल्या?
४. वाक्यात उपयोग करा : पायाशी चालून येणे, रीघ लागणे, भस्मसात होणे.