धोक्याची घंटा वाजली, पण धावायला पैसे कुठे आहेत?

(इयत्ता पाचवी, परिसर अभ्यासाला जोडून घेण्यासारखा पाठ)



तंटे सामोपचाराने मिटवावेत, हे आपण परिसर अभ्यासात दरवर्षी शिकवतो. मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात आणि मधल्या सुट्टीत पुन्हा एकमेकांच्या कॉलरी धरतात. यंदा मी पाचवीच्या वर्गात प्रश्नच उलटा विचारला. भांडण कसं मिटवाल ते राहू दे. भांडण होणार आहे हे तुम्हाला आधी कसं कळतं, ते सांगा.

पाच मिनिटांत फळा भरला. "बाई, ते डबा वेगळा खायला लागतात." "खो-खोच्या टीममध्ये घेत नाहीत." "एकजण दोन दिवस शाळेतच येत नाही." म्हणजे बघा, सगळ्यांना सगळं कळत असतं. मग मी विचारलं, कळल्यावर तुम्ही काय करता? वर्ग गप्प. शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "काय करणार? तुम्ही तेव्हा ऑफिसात असता."

तिचं हे उत्तर म्हणजेच आजचा पाठ आहे. कळतं सगळ्यांना, पण कळल्यावर जाणारा माणूस, त्याची गाडी आणि गाडीतलं डिझेल यांची सोय आधी करून ठेवलेली नसते.

पूर्वसूचना हा शब्द आपल्याला पुरामुळे आणि चक्रीवादळामुळे माहीत आहे. धरणातून पाणी सोडणार असले की नदीकाठच्या गावांना दवंडी जाते, मोबाइलवर मेसेज येतो. दंगल, टोळीयुद्ध, गावागावांतली मारामारी यांचीही अशी पूर्वसूचना देता येते, आणि जगात काही ठिकाणी ती दिली जाते. त्यातलं मला सर्वांत शिकवण्याजोगं वाटलेलं उदाहरण आफ्रिकेतल्या केनियाचं आहे. नकाशा काढा. भारताच्या पश्चिमेला अरबी समुद्र ओलांडून गेलं की आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर केनिया सापडतो.

केनियाच्या ईशान्येला, सोमालिया आणि इथिओपियाच्या सीमेला लागून, वजीर नावाचा कोरडा जिल्हा आहे. उंट, शेळ्या, गुरं पाळणारे सोमाली लोक तिथे राहतात. त्यांच्यात अनेक कुळं आहेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळ पडला, शेजारच्या सोमालियात सरकार कोसळलं, बंदुका स्वस्त झाल्या, आणि पाणी-चाऱ्याची जुनी भांडणं गोळीबारावर आली. देका इब्राहिम अब्दी ही तिथलीच एक तरुण आई. गोळीबाराच्या एका रात्री ती आपल्या लेकराला घेऊन पलंगाखाली लपली होती. तिच्या आईने तिला सांगितलं, तू लहान असताना मीही तुला घेऊन अशीच लपले होते.

यानंतर डझनभरही नसतील एवढ्या बायका एकत्र आल्या. त्यांनी मोठमोठ्या शांतता परिषदा भरवल्या नाहीत. त्यांनी बाजार धरला. कोणत्याही कुळाची बाई बाजारात येऊन विकू आणि विकत घेऊ शकली पाहिजे, एवढंच त्यांनी ठरवलं. बाजारात लक्ष ठेवायला बायका नेमल्या. कुणाला हाकललं, कुणाशी वाद झाला, की ताबडतोब जाऊन तिथल्या तिथे मिटवायचं. बाजार सुरळीत झाल्यावर त्या कुळांतल्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या, मग बंदुका घेतलेल्या तरुणांकडे, मग सरकारी अधिकाऱ्यांकडे. १९९५ मध्ये यातून वजीर शांतता व विकास समिती उभी राहिली आणि तिला जिल्ह्याच्या सरकारी विकास समितीत जागा मिळाली. पुढे केनियात जिल्हा शांतता समित्या निघाल्या, त्यांचा नमुना हाच. देकाबाईंना २००७ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये रस्ता अपघातानंतर त्या गेल्या.

या गोष्टीत पैसा कुठे आला, असं तुम्ही विचाराल. पहिल्यांदा आला तो तरुणांपाशी. बंदूक ठेवली तर खायचं काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्याला भाषण हे उत्तर नव्हतं, काम हवं होतं. म्हणून या बायकांनी व्यापाऱ्यांना बरोबर घेतलं. दुसऱ्यांदा आला तो अंतरापाशी. वस्त्या दूरदूर, रस्ते कच्चे. एका पाणवठ्यावर तणाव आहे अशी खबर आली की दोन्ही बाजूंचे वडीलधारे, एक-दोन बायका, एखादा मौलवी आणि सरकारी माणूस असे गाडीत घालून त्याच दिवशी तिथे न्यावे लागतात. वजीरच्या समितीचं खरं बळ अशा तातडीच्या फेऱ्यांत होतं. फेरी दोन दिवस उशिरा निघाली तर जाऊन उपयोग काय? तोवर कुणीतरी मेलेलं असतं, आणि मग बदल्याचा हिशोब सुरू होतो.

आता आपल्या कामाचा भाग. पूर्व आफ्रिकेतल्या देशांची इगाड नावाची संघटना आहे. तिने २००२ मध्ये करार करून संघर्षाच्या पूर्वसूचनेसाठी सीवॉर्न ही यंत्रणा सुरू केली. केनिया, युगांडा, इथिओपिया आणि दक्षिण सुदान यांच्या सीमा मिळतात त्या भागात गुरं पळवण्यावरून मोठ्या मारामाऱ्या होतात. तिथे स्थानिक माणसं नेमून त्यांच्याकडून नियमित अहवाल मागवायला सुरुवात झाली. अहवालात काय विचारत? गुरांचे भाव पडले का? गोळ्या पैशासारख्या देवाणघेवाणीत वापरल्या जातायत का? पुरुषच तेवढे स्थलांतर करतायत का? हल्ल्याआधी घेतात तसा आशीर्वादाचा विधी झाला का? आणि या यादीत आणखी एक प्रश्न आहे: मुलांचं शाळेत येणं थांबलं का?

हे वाचून मी माझं हजेरीपत्रक काढून पाहिलं. एरवी आपण ते महिनाअखेरीस बेरजा करायला उघडतो. पण एखाद्या वस्तीतली पाच-सहा मुलं एकाच दिवशी गैरहजर असतील, तर तिथे काहीतरी घडलेलं असतं किंवा घडणार असतं. कधी लग्न असतं, कधी ऊसतोड, आणि कधी बांधावरून कुऱ्हाडी निघालेल्या असतात. आईवडिलांना धोका वाटला की ते आधी मुलाला घरात ठेवतात.

सीवॉर्नचं एक दुखणं मात्र लक्षात घ्या. २००२ मध्ये करार झाला, अहवाल येऊ लागले, पण अहवालावर लगेच खर्च करता येईल असा तातडीचा निधी उभा राहिला २००९ मध्ये. मधली वर्षं धोका कळत होता, कागदावर येत होता, पण तिथल्या लोकांना बैठक घ्यायला, चोरलेली गुरं परत आणायला जायला किंवा दोन जमातींत सामायिक पाणवठा करायला हाताशी पैसे नव्हते. माझ्या मते यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. माहिती गोळा करण्यावर खर्च करणं सोपं जातं, कारण अहवाल दाखवता येतो. डिझेलची पावती कुणाला दाखवणार?

तसंच नकाशांचं. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात मोठा हिंसाचार उसळला. ११०० हून जास्त माणसं मेली, सहा लाखांच्या आसपास लोकांना घरं सोडावी लागली. त्या दिवसांत काही तरुणांनी उशाहिदी नावाचं संकेतस्थळ काढलं. स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थ साक्ष. कुठे काय घडतंय हे लोक मोबाइलवरून कळवत आणि ते नकाशावर दिसे. काम मोलाचं होतं, पुढे जगभर वापरलं गेलं. पण नकाशावर ठिपका उमटला म्हणून जळतं घर विझत नाही. तिथे कोण जाणार, हा प्रश्न उरतोच.

२०१० मध्ये नव्या राज्यघटनेवर सार्वमत होणार होतं. पुन्हा तेच होईल अशी भीती होती. या वेळी सरकारची शांतता समिती, राष्ट्रीय एकोपा आयोग, स्वयंसेवी संस्थांचं जाळं आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांनी मिळून उवियानो हा मंच काढला. उवियानो म्हणजे एकोपा. १०८ या क्रमांकावर कुणालाही फुकट एसएमएस करता येई. (आपल्याकडे १०८ म्हटलं की रुग्णवाहिका आठवते. मुलांना हा योगायोग फार आवडला.) महत्त्वाची गोष्ट अशी की एसएमएसच्या मागे स्थानिक समित्या आणि त्यांना पटकन मिळणारी छोटी मदत, दोन्ही जोडलेलं होतं. ४ ऑगस्ट २०१० चं सार्वमत शांततेत पार पडलं.

याचं सगळं श्रेय उवियानोला देऊ नका, मीही देत नाही. पोलीस बंदोबस्त होता, २००८ च्या समझोत्यानंतर पुढारी एकत्र सरकारात होते, लोकही पोळलेले होते. आणि इथेच पैशाचा सर्वांत अवघड प्रश्न येतो. जे घडलं नाही, ते तुमच्यामुळे घडलं नाही हे सिद्ध कसं करणार? लस टोचलेलं मूल आजारी पडलं नाही तर आई म्हणते, त्याला काही झालंच नसतं. पैसे देणारेही तसंच म्हणतात. मतदान जवळ आलं की निधी येतो, मतदान शांततेत झालं की आटतो. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रं आणि जागतिक बँक यांच्या एका मोठ्या अहवालाने, संघर्ष आधीच रोखले तर जगाचे वर्षाला ५ ते ७० अब्ज डॉलर वाचतील, असा हिशोब मांडला. ५ आणि ७० मधलं अंतर पाहिलंत? न घडलेल्या गोष्टीची किंमत काढणं किती कठीण, हे त्या अंतरातच दिसतं.

खबर होती आणि पोहोचलं कुणी नाही, असं झालं की काय होतं, ते केनियातच २०१२ मध्ये दिसलं. टाना नदीच्या मुखाजवळ पोकोमो शेतकरी आणि गुरं पाळणारे ओर्मा यांच्यात पाणी-चाऱ्यावरून लहान चकमकी होत होत्या. ऑगस्टमध्ये एका गावावर हल्ला झाला. पन्नासहून अधिक माणसं मारली गेली, त्यात बायका आणि मुलंच जास्त होती. पुढच्या काही महिन्यांत बळींची संख्या शंभराच्या वर गेली. लहान चकमकी सगळ्यांना दिसत होत्या. हे मुलांना सांगताना मी हल्ल्याचं वर्णन केलं नाही, तुम्हीही टाळा.

म्हणजे भरपूर पैसे ओतले की झालं का? नाही. शांतता समितीच्या बैठकीला भत्ता मिळायला लागला की काही माणसं भत्त्यासाठी बसतात. भत्ता थांबला की बैठक थांबते. केनियातल्या समित्यांवर ही टीका झालेली आहे. प्रवासखर्च न देणंही बरोबर नाही. रोजंदारी बुडवून फुकट फिरणं श्रीमंतालाच परवडतं, आणि मग समितीत श्रीमंतच उरतात. मला पटतं ते असं: रक्कम लहान असावी, ती गावाच्या जवळ ठेवलेली असावी, एका दिवसात हातात यावी, हिशोब चार लोकांसमोर व्हावा, आणि शांत वर्षातही ती बंद होऊ नये. शेवटची अट पाळणं सर्वांत अवघड.

आपल्या महाराष्ट्रातही याचे धागे आहेत. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये तिथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्त्यावस्त्यांत हिंदू-मुस्लिम रहिवाशांच्या मोहल्ला समित्या बांधल्या. पोलीस त्यात नियमित बसत. १९९२-९३ मध्ये मुंबईत ९०० माणसं मेली, आणि शेजारची भिवंडी शांत राहिली. तिथे वेगळा मोठा निधी नव्हता. खर्च झाला तो पोलिसांच्या वेळाचा, आणि तो वेळ दंगल नसतानाच्या दिवसांत दिला गेला होता. २००७ पासूनची महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम तुम्हाला माहीतच आहे. तिथे गाव तंटामुक्त झाल्यावर लोकसंख्येप्रमाणे बक्षीस ठेवलेलं होतं. चांगलंच आहे, पण ते काम झाल्यानंतरचे पैसे. तंटा पेटायच्या आदल्या रात्री ज्या दोघांना मोटारसायकल काढून दुसऱ्या वस्तीवर जायचंय, त्यांच्या पेट्रोलची सोय त्यातून होत नाही.

आता वर्गात करायचा खेळ. मुलांचे चार गट करा. प्रत्येक गट म्हणजे एका गावाची समिती. प्रत्येकाला हजार रुपयांच्या खोट्या नोटा द्या. दर सोडतीला एक चिठ्ठी निघते, एक चिठ्ठी म्हणजे एक आठवडा, असे दहा आठवडे. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: "शांत", "बाजारात अफवा", "विहिरीवर वाद", "सहा मुलं गैरहजर". गटाने ठरवायचं, खर्च करायचा का, कशावर, किती. पैसे संपल्यावर वाद निघाला तर त्या गटाचं एक घर फळ्यावरून पुसायचं.

माझ्या वर्गात दोन गटांनी पहिल्या तीन शांत आठवड्यांतच बॅनर आणि चहापाण्यावर सहाशे रुपये उडवले. तिसऱ्या गटाने अफवेची चिठ्ठी आली तेव्हा काटकसर केली आणि दोन घरं गमावली. चौथ्या गटाकडे शेवटी चारशे रुपये उरले. त्यातला एक मुलगा उभा राहिला, "बाई, काही झालं नाही तर हे पैसे परत द्यायचे का?" यावर वर्गात जी वादावादी झाली ती घंटा झाली तरी थांबली नाही. निम्मे म्हणाले, परत द्या, वापरलेच नाहीत. बाकीचे म्हणाले, मग अकराव्या आठवड्याचं काय?

तुम्ही हा खेळ घेतलात तर "शांत" लिहिलेल्या निदान सहा चिठ्ठ्या ठेवा. मी पहिल्या वेळी दोनच ठेवल्या होत्या, आणि सगळी नुसती पळापळ झाली.