फाटकाच्या आतलं घर

परभणी जिल्ह्यात कारखाना म्हटलं की सेलू-मानवतच्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी जिनिंग येतं. आजोबांनी उभं केलं, मुलांनी वाढवलं, आता नातवंडं चालवतात, अशी ही घराण्यांची जिनिंगं. त्यांतल्याच एकावर मी मुनीम म्हणून लागलो आणि व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. मालक तिघे सख्खे भाऊ. थोरल्यांना सगळे अण्णा म्हणत, मधल्यांना भाऊ आणि धाकट्यांना बापू. कारखान्याचं नाव लिहीत नाही. जे पाहिलं ते मात्र लिहितो, कारण कापूस दारात येत असताना घरातल्या भांडणापायी बंद पडलेली जिनिंगंही मी पाहिली आहेत. त्यांच्या हमालांना दुसऱ्या काट्यावर काम मागत फिरताना पाहिलं आहे. ते विसरता येत नाही.

१. भाव एकाच तोंडून निघावा

क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. बाकी सरकी आणि थोडी घट. म्हणजे १७० किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटल कापूस लागतो. रोज सकाळी रुईचा भाव बघायचा, सरकीचा बघायचा, मजुरी-वीज वजा करायची आणि त्या दिवशीचा खरेदीचा भाव काढायचा. हा हिशेब तिन्ही भावांना येत होता. अडचण तिथेच होती. एका हंगामात अण्णांनी मार्केट यार्डात एक भाव बोलला आणि त्याच दुपारी बापूंनी कारखान्याच्या फाटकावर त्याहून जास्त भाव देऊन ट्रॅक्टर आत घेतले. संध्याकाळपर्यंत आडत्यांना कळलं की या घरात दोन भाव चालतात. पुढचा पंधरवडा प्रत्येक शेतकरी आधी एका भावाला विचारी, मग दुसऱ्याला. शेतकऱ्याचं त्यात काहीच चुकत नव्हतं, त्याने वर्षभराचा माल आणला होता.

त्यानंतर सकाळी कारखान्याच्या ऑफिसात तिघांनी बसायचं असं ठरलं. तिथे आवाज चढत, कधी चहा तसाच राही. पण खरेदी सुरू होण्याआधी भावाचा आकडा फळ्यावर लिहिला जाई आणि मग तिघांपैकी कोणीही तो बदलत नसे. बदलायचाच झाला तर पुन्हा तिघांनी बसायचं. माझ्या मते कुटुंबाच्या कारखान्यात नेतृत्व इथूनच सुरू होतं. वाद ऑफिसात पोटभर करावा, फाटकावर आकडा एकच दिसावा.

२. ज्याच्याकडे काम, त्याच्याकडे सही

भाऊ यंत्रं बघत. जिनचे रोलर, पट्टे, बेअरिंग, प्रेसचं तेल सगळं त्यांच्याकडे, पण चेकवर सही अण्णांची. अण्णा खरेदीला बाहेरगावी गेले की दोन-दोन जिन उभ्या राहत. अण्णांचा भावावर अविश्वास मुळीच नव्हता. वडिलांच्या वेळेपासून सही थोरल्याची, एवढंच. ठरावीक रकमेपर्यंत भाऊंनी एकट्याने खर्च करावा असं बँकेला लिहून दिलं आणि प्रश्न मिटला. हे सुचवायला मात्र बाहेरचा माणूस लागला. सख्ख्या भावाला ते मागताना संकोच वाटत होता.

३. नात्यातला नसलेला माणूस 'नाही' म्हणू शकतो का?

सगळ्यात जास्त मी यावर विचार केला आहे.

आमचा ग्रेडर मानवतकडचा. शिक्षण जेमतेम, हात मात्र असा की मूठभर कापूस दाबून ओल सांगायचा आणि मीटर जवळपास तेवढीच दाखवायचा. कापूस महामंडळाच्या खरेदीतही ८ टक्के ओल धरून भाव असतो आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेत नाहीत. ते उगाच नाही. ओला कापूस रोलरला गुंडाळतो, गंजीत तापतो, रुई पिवळी पडते, सरकीचं नुकसान होतं ते वेगळंच. एके दिवशी अण्णांच्या व्याह्यांचा माल आला. परतीच्या पावसात भिजलेला. ग्रेडरने हात घातला आणि मान हलवली. व्याही सरळ ऑफिसात आले. मी तिथेच होतो. अण्णांनी त्यांना पाणी दिलं, चहा मागवला आणि म्हणाले, "व्याहीबुवा, काट्यावर मीबी त्याचं ऐकतो. तुमी बी ऐका. माल वाळवा, मंग आणा." व्याही दोन वर्षं नीट बोलले नाहीत. घरात वहिनींना त्याचा त्रास झाला. पण त्या दिवसानंतर कारखान्यातला फिटर, काटेवाला, गाठींचा हिशेब लिहिणारा पोरगा, असा प्रत्येक जण आपल्या जागी ताठ उभा राहू लागला.

किर्लोस्करवाडीची गोष्ट मला म्हणून महत्त्वाची वाटते. १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना हलवला, तेव्हा कारभारात थोरले बंधू रामुअण्णा होतेच. पण त्यांच्या बरोबरीने शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी, अनंतराव फळणीकर ही किर्लोस्कर आडनाव नसलेली माणसं कारखाना उभा करत होती. कारखान्याचा लोखंडी नांगर विकला जात नव्हता त्या काळातही ती टिकली. पगारासाठी माणूस माळरानावर इतका राहत नाही. आपल्या शब्दाला इथे वजन आहे असं त्यांना वाटलं असणार, असं मी मानतो.

आमच्याकडच्या बऱ्याच घराण्यांत व्यवस्थापक ठेवतात, त्याला केबिन देतात, पण धाकटा पुतण्या त्याच्या डोक्यावरून हुकूम सोडतो. अशा ठिकाणी हुशार माणूस एक हंगाम काढतो आणि जालन्याला नाहीतर संभाजीनगरला निघून जातो. मग मालक म्हणतात, परभणीत माणसं मिळत नाहीत. परभणीत कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, इथली पोरं शिकलेली आहेत. ती मिळतात, राहत नाहीत.

४. करार जिवंतपणी वाचावा

भाऊ गेले ते ऐन डिसेंबरात. गंज्या भरलेल्या, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) पूर्ण वापरलेली, गाठी निघायच्या होत्या. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा. त्याच्या कलम ४२ प्रमाणे करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारीच संपते. आमच्या करारात 'फर्म पुढे चालू राहील' हे वाक्य होतं, कारण वडिलांच्या वेळच्या वकिलांनी ते हट्टाने घातलं होतं. त्या एका वाक्यावर जिन चालू राहिल्या आणि हंगाम पार पडला. ज्या फर्ममध्ये दोनच भागीदार आहेत, त्यांनी तर आजच वकिलाकडे जावं. तिथे एक गेला की भागीदारी उरतच नाही, करारात काहीही लिहिलेलं असो.

करार करूनही भागत नाही, त्याचा अर्थ सगळ्यांना एकच कळला पाहिजे. किर्लोस्करांच्याच पुढच्या पिढीत २००९ साली लेखी कुटुंब-करार झाला आणि त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ मध्ये न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग सुचवला. इतकं शिकलेलं, इतकं जुनं घराणं. मग आपल्या गावातल्या भावांनी तोंडी समजुतीवर किती विसंबावं?

५. ताईंची खुर्ची

भाऊंना मुलगा नव्हता. मुलगी शिकून नोकरी करत होती, ती परत आली. सुरुवातीला बँकेचा माणूस तिच्यासमोर बसून सही कोणाची घ्यायची हे चुलतभावाला विचारायचा. कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्राने १९९४ मध्येच तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलग्यासारखा हक्क दिला होता, २००५ मध्ये केंद्राने तो सगळ्या मुलींना दिला आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंका संपवली. पण कायद्याने फक्त वाटा मिळतो. खुर्ची घरातल्यांनी द्यावी लागते. अण्णांनी ती दिली. बँकेचं काही निघालं की ते म्हणत, "ताईला विचारा," आणि स्वतः उठून बाहेर जात. ते बाहेर जाणं फार मोलाचं होतं. खोलीत बसून राहिले असते तर सगळ्यांनी त्यांच्याकडेच पाहिलं असतं.

६. फाटक बंद असताना बसावं

हंगामात कोणाला वेळ नसतो आणि प्रत्येकाचं डोकं तापलेलं असतं. आगीचा विमा, पाण्याच्या टाक्या, यंत्रांची दुरुस्ती, पुढच्या वर्षीची माणसं हे सगळं पावसाळ्यात ठरवावं आणि वहीत लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात.

७. चांगल्या वर्षी सोपवावं

नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा एनएचएच-४४ हा संकरित वाण १९८४ चा. अण्णा त्याची रुई डोळे मिटून ओळखत. २००२ नंतर बीटी आलं, बियाण्यांच्या पाकिटांची नावं दरवर्षी बदलू लागली. खरेदीदार प्रयोगशाळेचा कागद मागू लागले: तंतूची लांबी, मायक्रोनेअर, कचरा किती टक्के. बापूंचा मुलगा ते कागद वाचत होता, अण्णा बोटांनी तंतू ओढून बघत होते. दोघांचं बहुतेक वेळा एकच निघायचं. जुन्या-नव्याचं भांडण लोक सांगतात तेवढं खरं नसतं.

अण्णांनी भाव ठरवण्याचं काम पुतण्याकडे दिलं ते भरपूर नफ्याच्या वर्षी. तोटा असताना सोपवलं असतं तर पोराच्या कपाळी अपयश आलं असतं. स्वतःकडे त्यांनी एकच काम ठेवलं, शेतकऱ्यांच्या गावी जाऊन बसण्याचं. दुधना काठच्या वाड्या-वस्त्यांवर त्यांच्या शब्दावर कापूस यायचा, आणि ते काम कोणत्याही कागदाने झालं नसतं.

८. पगार वेगळा, वाटा वेगळा

हे अजून त्या घरात सुटलेलं नाही. तिसऱ्या पिढीतले दोघे पुण्याला नोकरीला आहेत. त्यांचा वाटा आहे, काम नाही. ताई आणि बापूंचा मुलगा हंगामभर रात्री बारापर्यंत गाठी मोजतात आणि वर्षअखेरीला सगळ्यांना सारखंच मिळतं. काम करणाऱ्याला आधी बाजारभावाने पगार द्यावा, तो खर्चात धरावा आणि उरलेला नफा वाट्याप्रमाणे वाटावा, असं मी निवृत्त होताना लिहून दिलं होतं. पुण्याच्या पोरांनाही ते पटतं, बोललोय मी त्यांच्याशी. बापू म्हणतात, घरात पगार कसला? त्यांचं मन दुखवायचं नाही म्हणून ताई गप्प बसतात. यंदा दसऱ्याच्या खरेदीआधी ताईंनी हा विषय वहीत घ्यावा. मला बोलावलं तर मी मानवत रोडला उतरून रिक्षाने येईन.